सुईची वार्ता मेंदूपर्यंत कशी पोहोचते?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आमच्याकडे व्याख्यानाची मागणी केली तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही मुलांच्या वळणाविषयी किंवा जुन्या-नव्या शाळांविषयी चार शब्द बोलावेत. ज्याने सारा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर काढला त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षावे? आम्ही विषय कळविला तो मात्र ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचून करावयाच्या चिनी चिकित्सेचा. आणि त्यातही सुई जेथे टोचतात तेथून निघालेला मज्जातंतू कोठवर जातो, एवढ्याच प्रश्नाचा. चिटणीस क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वैद्यकाचा आम्हांस गंधही नाही. तरी हा विषय निवडण्यास एक कारण घडले, ते प्रथम सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमचा उजवा गुडघा फार धरू लागला. जिना उतरणे म्हणजे शिक्षा होऊन बसली. आमचे थोरले बंधू, ज्यांना आपल्यापैकी बहुतेक जण ओळखतात, यांस वीस वर्षांचा मधुमेह; त्यांच्या पायांची आग होई आणि पुढे ते बधिर होऊ लागले होते. कोणीतरी एका सुई-चिकित्सकाचे नाव सुचविले आणि आम्ही दोघे भाऊ त्याजकडे जाऊन शेजारशेजारच्या खाटांवर पडलो. त्याने दोघांच्याही गुडघ्याखाली एकाच ठिकाणी सुया टोचल्या व हलकेच फिरविल्या. आमच्या पायात जडशी, ठणका आणि मुंग्या यांच्या मधली अशी एक संवेदना सरसर घोट्यापर्यंत उतरत गेली. आम्ही विचारले, "दादा, पायात काही उतरल्यासारखे वाटते का तुम्हांला?" दादा म्हणाले, "अरे, त्यांनी मला टोचली का अजून? मी समजत होतो, ते तुझ्याच पायाशी आहेत."

सुई तीच, जागा तीच, आईबापही तेच. मग एकास कळले आणि दुसऱ्यास कळले नाही, हे कसे? चिकित्सकाने सांगितले की, दादांच्या शरीरातील शक्तीचा प्रवाह खोल वळला आहे, दहा-बारा बैठकींत तो वर येईल. आम्ही दोघांनीही मान डोलाविली. ती मान डोलाविल्याचा पश्चात्ताप आम्हांस आजही होतो. त्याचे कारण ओघाने येईलच.

आता आपण सर्वांनी कृपा करून उजव्या पायाचा गुडघा वाकवून बसावे. वाटीच्या खालच्या कडेच्या बाहेरच्या बाजूस जो खळगा लागतो, त्याच्याखाली आपल्याच हाताची चार बोटे आडवी ठेवावीत. करंगळी जेथे संपते तेथून नडगीच्या कडेपासून अंगठ्याच्या रुंदीइतके बाहेर यावे आणि जोराने दाबावे. ज्यांना आत ठणका लागला त्यांना जागा सापडली. चिनी लोक हिला 'त्सू-सान-ली' म्हणतात. म्हणजे 'पायाचे तीन ली'. ली हे तेथील अंतराचे माप. दमलेल्या वाटसरूने येथे उपचार केला तर आणखी तीन ली चालवते, असा त्या नावाचा लोकांत अर्थ लावतात. जागा मोजावयाची ती ज्याच्या त्याच्या बोटांनी, हे आम्हांस फार आवडले. लहान मुलाचे माप लहान, पहिलवानाचे मोठे. फूटपट्टीची गरजच नाही.

अशी बिंदूंची संख्या ३६१ मानली जाते आणि ती सर्व चौदा रेषांवर ओवलेली आहेत. या रेषांतून 'ची' नावाची जीवनशक्ती वाहते, असे त्यांचे जुने ग्रंथ सांगतात. आजवर प्रेते चिरून पाहणाऱ्या कोणासही या रेषा हाती लागलेल्या नाहीत. म्हणून कित्येक डॉक्टरांनी सारी विद्याच थोतांड म्हणून टाकून दिली, तर कित्येक भक्तांनी 'जे सूक्ष्म ते चाकूला कसे दिसणार?' असे म्हणून हात जोडले. या दोहोंमध्ये एक तिसरी वाट आहे: सुई जेथे टोचली तेथे कोणता मज्जातंतू आहे, तो कोठे जातो, हे पाहावे. आम्हांस ती वाट दाखविली आमच्या पुतणीने, म्हणजे दादांच्याच कन्येने. ती वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविते. आजच्या व्याख्यानात जे बरोबर असेल ते तिचे आणि जे चुकेल ते आमचे.

ही विद्या आपल्या देशात आली तिच्या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. १९३८ साली काँग्रेसने जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनच्या मदतीस पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे येथे लहान मुलासही ठाऊक असेल. ते १९४२ साली तिकडेच वारले आणि शांतारामबापूंच्या चित्रपटाने घरोघर पोहोचले. त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुयांची चिकित्सा शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात तिचा पाया घातला.

येथे एक गोष्ट स्पष्टच बोलतो. आपल्या मंडळींत असे म्हणणारे काहीजण आहेत की, हे सारे मूळचे आमचेच. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली तीच चिन्यांनी नेली. आंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात सुश्रुताचे 'क्षिप्र' मर्म आहे आणि चिन्यांचा 'हगू' नावाचा प्रसिद्ध बिंदूही तेथेच आहे, ही गोष्ट खरी. परंतु सुश्रुत मर्मे सांगतो ती तेथे शस्त्र लागू नये म्हणून, आणि चिनी ग्रंथ बिंदू सांगतात ते तेथे सुई टोचावी म्हणून. दोहोंचा हेतूच उलट. नुसत्या जागेच्या सारखेपणावरून वारसा सांगू लागलो तर हसे होईल. असो.

मज्जातंतू म्हणजे तार, असे आम्ही शाळेत शिकविले. ते अर्धेच खरे. तो एका जिवंत पेशीचा लांबच लांब हात असतो. पायातली संवेदना सांगणाऱ्या पेशीचे डोके असते कमरेच्या मणक्याशेजारी, एका लहानशा गाठीत. तेथून तिचा एक हात पायापर्यंत खाली जातो आणि दुसरा आखूड हात मज्जारज्जूत शिरतो. आपण आता जेथे बोट दाबले तेथे नडगीबाहेरच्या स्नायूखाली पेरोनियल मज्जातंतूची खोल शाखा जाते. ती वर येताना गुडघ्याबाहेरच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालते, मांडीमागच्या जाड सायटिक मज्जातंतूस मिळते, तो नितंबातून कमरेच्या कण्याकडे जातो, आणि तेथे या वाटेचा पहिला मुक्काम होतो. पुढे मज्जारज्जूतून वार्ता मेंदूकडे चढते.

ही वाट माणसाने कशी शोधली, ही कथा आम्हांस कादंबरीहून अधिक रंजक वाटली. १८५० साली वॉलर नावाच्या इंग्रजाने बेडकाच्या जिभेचा मज्जातंतू कापला. जो तुकडा आपल्या पेशीपासून तुटला तो काही दिवसांत कुजत गेला. त्या कुजल्या मार्गाचा माग काढीत वाट कळू लागली. १८७३ साली इटलीच्या गॉल्जीने चांदीच्या क्षाराने पेशी काळी रंगविण्याची युक्ती काढली. स्पेनच्या काहालने तीच युक्ती सुधारून पेशी सुट्यासुट्या असतात हे दाखविले. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक वाटून मिळाले, तेव्हाही दोघांचे एकमत नव्हते! लंडनच्या हेन्री हेड यांनी तर १९०३ साली स्वतःच्याच हातातील मज्जातंतूची शाखा कापवून घेतली आणि बधिर झालेल्या त्वचेत जाणीव कशी परत येते, याची नोंद रिव्हर्स या मित्राबरोबर चार वर्षे केली.

परंतु सुईच्या बिंदूंपासून वाट काढण्यास जे साधन फार उपयोगी पडले, ते ऐकून आपण चकित व्हाल. ते साधन म्हणजे पटकीचे विष. ज्या पटकीने आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावेच्या गावे ओस पाडली, तिचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि त्या विषाने शरीरातले पाणी वाहून जाते. हे विष जंतूंपासून वेगळे करून त्याचा परिणाम सिद्ध केला तो १९५९ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी, सशांवर प्रयोग करून. त्यांना हयातीत मान मिळावा तसा मिळाला नाही. आपल्याकडे हे नवे नाही. या विषाचे दोन भाग असतात. एक मारक, दुसरा नुसता चिकटणारा. मारक भाग काढून टाकला तर उरलेला भाग निरुपद्रवी होतो, पण त्याचा चिकटण्याचा गुण राहतो, आणि तो मज्जातंतूंच्या टोकांनाही चिकटतो. मज्जातंतू त्यास आत घेतो आणि एखाद्या हमालाने ओझे न्यावे तसा आपल्या पेशीच्या डोक्यापर्यंत वाहून नेतो. मग त्या भागास चकाकणारा रंग जोडून ठेवला तर काय होईल? उंदराच्या पायात त्सू-सान-लीच्या जागी एक थेंब टोचावा, काही दिवस थांबावे, आणि कमरेच्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. ज्या पेशींचे हात त्या थेंबापर्यंत पोहोचलेले, तेवढ्याच पेशी दिव्यासारख्या लखलखतात. चिनी संशोधकांनी असे अनेक बिंदू तपासले आहेत. गुडघ्याखालच्या बिंदूची वाट कमरेच्या गाठींत निघते. मनगटावरच्या बिंदूची मानेच्या बुडाशी असलेल्या गाठींत. पुतणीने आम्हांस अशी चित्रे दाखविली. काळ्या पाटीवर हिरव्या-तांबड्या ठिपक्यांची रांगोळी पाहत आम्ही बराच वेळ बसलो. कलकत्त्यात बसूंनी सुया आणल्या आणि जवळपास त्याच सुमारास, त्याच शहरात डे यांनी ते विष ओळखले. पुढे या दोहोंची गाठ उंदराच्या एका पायात पडेल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसेल.

आता कोणी म्हणेल, तेथे मज्जातंतू आहे एवढ्याने सुईचा गुण त्यातूनच जातो हे कशावरून? प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर वाट अडवून पाहणे, हे. १९७३ साली चिनी संशोधकांनी बिंदूच्या खोल भागात प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचले. सुईने येणारा वेदनाशामक परिणाम नाहीसा झाला. नुसती कातडी बधिर केली तर तो कायम राहिला. रक्ताची वाट दाबून धरली तरी फरक पडला नाही. मनगटाच्या आतल्या बाजूस, सांध्याच्या वळीपासून अंगठ्याच्या दोन रुंदी वर, दोन कंडरांच्या मधोमध 'नेइ-ग्वान' नावाचा बिंदू आहे. त्याखालून मीडियन मज्जातंतू जातो. मळमळ थांबविण्यासाठी त्याचा उपयोग होतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याचा गुण पुष्कळ चाचण्यांत दिसला आहे. बेलफास्टच्या डंडी या भूलतज्ज्ञांनी १९९१ साली दाखविले की, ती जागा आधी बधिर केली तर तोही गुण येत नाही. रेषांतली शक्ती असती तर तिला प्रोकेनची काय भीती?

यापुढची वाट गेल्या काही वर्षांत उजेडात आली. २०१४ साली अमेरिकेत लुईस उल्लोआ यांच्या मंडळींनी जंतुदोषाने सर्वांग सुजत चाललेल्या उंदरांच्या त्सू-सान-लीत सुईवाटे वीज सोडली. वार्ता सायटिकवाटे वर गेली आणि व्हेगस या मोठ्या मज्जातंतूवाटे खाली पोटात उतरली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून डोपामीन नावाचे द्रव्य सुटले आणि दाह उतरला. सायटिक कापला, परिणाम गेला. व्हेगस कापला, तरीही गेला. २०२१ साली हार्वर्ड विद्यापीठात च्यूफू मा यांच्या मंडळींनी याहून बारीक माग काढला. ही वाट चालू करणारे तंतू विशिष्ट जातीचे असून ते पायात स्नायूंच्या खोल वेष्टनात व हाडावरच्या आवरणात पसरलेले आहेत. पोटाच्या वेष्टनात तसे नाहीत. तेवढेच तंतू नष्ट केले तर त्सू-सान-लीत सुई टोचून उपयोग झाला नाही. आणि सुई न टोचता प्रकाशाने तेवढेच तंतू जागे केले तर परिणाम झाला. पोटावरच्या बिंदूत तितक्याच मंद विजेने काही घडले नाही. म्हणजे कोठे टोचावे याला अर्थ आहे, पण तो अर्थ तंतूंच्या दाटीचा आहे.

भक्तांनी येथेच टाळ्या वाजवू नयेत. हे सारे उंदरांत झाले. शिवाय त्याच मंडळींनी २०२० साली असे दाखविले की, पोटावरच्या बिंदूत जोरकस वीज आधी दिली तर दाह कमी होतो; परंतु रोग चढल्यावर दिली तर तो वाढतो आणि उंदीर अधिक मरतात. जे औषध काही करू शकते ते वाईटही करू शकते. 'सुयांचा अपाय तर नाही ना?' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माणसांचे म्हणाल, तर जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर केलेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त बिंदूंत टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण होता. बिंदू सोडून भलतीकडेच, तेही वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. यातून भक्त आणि निंदक दोघेही आपापले उत्तर काढतात. आम्हांस एवढे दिसते की, कंबरदुखीत तरी रेषांचा नकाशा फारसा कामाचा ठरला नाही, आणि रोग्याचा विश्वास, खाटेवरचा निवांतपणा, कोणीतरी हात लावून विचारपूस करणे, यांचाही वाटा मोठा असावा. मज्जातंतू मात्र भलत्या जागीही असतातच. आमचा गुडघा त्या सुयांनी पाच-सहा महिने हलका झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कशाने झाला, ते आम्ही सांगू शकत नाही.

आता दादांकडे येतो. मधुमेहात मज्जातंतू मरतात ते बहुधा सर्वांत लांब ते आधी. म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा ओढावा तसा वर चढतो. तो गुडघ्याजवळ येईतो हातांच्या बोटांची टोकेही बधिर होऊ लागतात. दादांना त्या वर्षी सदऱ्याच्या गुंड्या लावता येत नव्हत्या, सूनबाई लावून देत. आम्ही समजलो, वय झाले. सुई कळली नाही याचा अर्थ प्रवाह खोल गेला असा नव्हता. वार्ता नेणारा तंतूच उरला नव्हता. जेथे वाटच नाही तेथे सुईने काय व्हावे? चिकित्सकास हे ठाऊक नसेल, असे आम्ही फार तर म्हणू. पण त्याने दादांना इन्सुलिन निम्मे करावयास सांगितले, 'सुयांना काम करू द्या' म्हणून. आणि ते आम्ही कोणास विचारले नाही. पुतणी त्या वेळी परगावी होती. दादांनी तिला कळवू दिले नाही, आणि आम्हीही कळविले नाही.

सहाव्या आठवड्यात चपलेचा एक खिळा वर आला. तो तीन दिवस दादांच्या अंगठ्यात रुतत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. फरशीवर रक्ताचे ठसे उमटलेले सूनबाईंनी पाहिले तेव्हा कळले. रक्तातली साखर चढलेली, जखम चिघळली. अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. दवाखान्यात पुतणी आली, तिने वडिलांच्या दोन्ही पायांवर कापसाची वात फिरवून पाहिली, आणि मग आमच्याकडे वळून एवढेच विचारले, "काका, सुई कळली नाही हे त्यांनी तुम्हांला त्याच दिवशी सांगितले होते ना?" आम्ही होय म्हणालो. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्हीच तिला पाटीवर श्रीगणेशा गिरवायला शिकविले होते. ती आम्हांस रागे भरली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर तिच्याकडून हे सारे समजून घेतले. सुया वाईट, असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ज्यांना जावयाचे त्यांनी जावे. परंतु सुई फिरविल्यावर आत काही जाणवले का, हे चिकित्सकाने विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे. चिनी लोक त्या जाणिवेस 'दे-ची' म्हणतात आणि जुने चिकित्सकही तिच्याविना सुई लागली असे मानीत नसत. जाणवले नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जावे. आणि चालू औषधाचे प्रमाण सुईवाल्याच्या शब्दावरून बदलू नये.

दादा आज पुढच्या रांगेत बसले आहेत. ही हकीकत सांगण्यास त्यांची परवानगी आहे. किंबहुना खिळ्याची गोष्ट गाळू नकोस, असे त्यांनीच बजावले. सभा संपल्यावर मागच्या खोलीत पुतणी बसणार आहे. तिच्याजवळ नायलॉनचा एक दोरा आहे. तो पायास टेकवून दहा ग्रॅमच्या दाबाने वाकला की समजते, स्पर्श कळतो की नाही. एका माणसास दोन मिनिटेही लागत नाहीत. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी, आणि ज्यांना तो नाही असे नुसते वाटते त्यांनीही, चहा होण्यापूर्वी तेथे जाऊन यावे. चिटणिसांनी पाय धुण्यास पाणी आणि टॉवेल ठेवला आहे. मोजे मात्र काढावे लागतील.